कोपऱ्यातला बाण

"मावशी, हे ऑफिस आहे, लाँड्री नाही," खिडकीवरचा कारकून म्हणाला.

तोवर बाईंनी निळ्या कापडाची घडी अर्धी उलगडली होती. उरलेली अर्धीही त्यांनी शांतपणे उलगडली आणि कापड खिडकीच्या फळीवर पसरलं. त्याच्या कडा दोन्ही बाजूंनी खाली लोंबल्या.

"धुवायला नाही आणलं. वाचायला आणलंय."

रांगेत मागे उभा असलेला प्लंबर हसला. कारकुनाला हसू आलं नाही. बाई सहाव्यांदा आल्या होत्या आणि दर खेपेला काहीतरी नवं घेऊन येत. पहिल्यांदा साधा अर्ज, मग ठरलेल्या नमुन्यातला अर्ज, मग तोच तीन प्रतींत. आज टेबलक्लॉथ.

बाई रफूचं काम करत. कोटाला, शालीला, पँटीला पडलेलं भोक असं भरून द्यायच्या, की कपड्याच्या मालकालाही ते पुन्हा सापडू नये. त्यांच्या घराशेजारच्या मोकळ्या जागेवर चार मजली इमारतीला नगरपालिकेनं परवानगी दिली होती. ती उभी राहिली की त्यांच्या कामाच्या खोलीतला उजेड जाणार होता. एवढीच त्यांची हरकत होती आणि ती त्यांनी मुदतीच्या आत घेतली होती. पाच वेळा त्यांना लेखी उत्तर आलं, पाचही वेळा एकच: 'मंजूर नकाशानुसार प्रस्तावित इमारतीची सावली आपल्या घरावर पडत नाही.'

"नऊ वर्षं हे माझ्या टेबलावर होतं," बाई म्हणाल्या. "ही कड खिडकीकडची. बघा कशी विटलीय. इथं माझा दोऱ्यांचा डबा असतो. तेवढा चौकोन अजून नवाकोरा निळा आहे. नऊ वर्षं रोज ऊन ह्याच बाजूनं आलंय आणि ह्याच बाजूला इमारत येतेय. तुम्ही लिहिता सावली पडणार नाही. मग ऊन काय भिंतीतून गाळून येणार?"

"मावशी, मी फक्त अर्ज घेतो. सावली साहेब बघतात."

"कुठं बघतात?"

"नकाशात."

कारकुनाच्या मागे, भिंतीलगतच्या तिरप्या टेबलाशी बसलेल्या बाईनं मान वर केली. ह्या विभागातली ती सर्वांत जुनी ड्राफ्ट्समन. नकाशे गिरवणारी ट्रेसर म्हणून लागली तेव्हा तेवीस वर्षांची होती. आता निवृत्तीला सात आठवडे उरले होते. तिच्या हाताशी कायम एक स्टीलची फूटपट्टी असे. नकाशा असो, पत्र असो की कँटीनचा फलक, पट्टी ओळीखाली धरल्याशिवाय ती वाचत नसे. म्हणून ऑफिसात तिला सगळे पट्टीताई म्हणत, आणि तिच्या पाठीमागेच नव्हे, तोंडावरही.

ती उठून खिडकीशी आली. कापडाकडे तिनं नकाशाकडे पाहावं तसं पाहिलं, आधी कडा, मग मधला भाग. खिडकीजवळ रंग जवळजवळ राखाडी झाला होता. आत जाईल तसा तो थोडाथोडा निळा होत गेला होता. उन्हाळ्यातलं डोक्यावरचं ऊन काठाशीच थांबतं, हिवाळ्यातलं उतरतं ऊन खोलीत लांबवर शिरतं. कापडावर सगळे ऋतू एकावर एक उमटले होते.

"तुमची खिडकी दक्षिणेला आहे," ती म्हणाली.

बाईंनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही आलायत का माझ्याकडे?"

"नाही. इथं लिहिलंय."

"ताई, नकाशात ह्यांची खिडकी पूर्वेला आहे," कारकून म्हणाला. "घर इमारतीच्या पश्चिमेला. मी स्वतः बघून उत्तर टाईप केलंय. पाचदा."

पट्टीताईनं कपाटातून ती फाईल काढली. मंजूर नकाशा टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवली. नेहमीसारखा रस्ता कागदाच्या तळाशी होता. त्याच्यावर प्लॉट, प्लॉटच्या डाव्या हाताला रफूवाल्या बाईंचं घर, वरच्या अंगाला शाळेचं रिकामं मैदान. सगळं मोजूनमापून, स्वच्छ. तो रस्ता तिच्या ओळखीचा होता. संध्याकाळी बसमधून पाहिलं की प्लॉटच्या बाजूच्या घरांच्या दारांवर मावळतीचं ऊन थेट पडलेलं असे. म्हणजे रस्ता प्लॉटच्या पश्चिमेला होता. कागदावर तो दक्षिणेला होता.

कागदावर तो दक्षिणेला का होता, हे तिला त्याच क्षणी कळलं. उजव्या कोपऱ्यात, वर टोक केलेला, उत्तर दिशेचा बाण होता. त्याच्या शेपटीला तीन पिसं होती. ती पिसं तिनं काढलेली होती.

*

त्याला एकतीस वर्षं झाली होती. तेव्हाचे मोठे साहेब म्हणाले होते, लोक वाटेल त्या कागदावर नकाशे आणतात, आपला एक छापील कागद असावा. चौकट, मापाची पट्टी, सह्यांचे रकाने आणि दिशेचा बाण. काम तिच्याकडे आलं. उजव्या कोपऱ्यात तिनं बाणासाठी एक गोल काढला आणि रिकामा ठेवला. साहेब म्हणाले, हे मोकळं मोकळं दिसतंय. म्हणून नमुन्यादाखल तिनं त्या गोलात बाण काढला, वर टोक असलेला. काढता काढता हौस आली म्हणून शेपटीला पिसंही काढली. साहेबांना तो इतका आवडला, की कागद तसाच छापायला गेला. तिनं तेव्हा विचार केला होता, की उत्तर वर छापलीय तर लोक नकाशा त्याप्रमाणे फिरवून काढतील.

पण लोक नकाशा फिरवत नाहीत. घराकडे माणूस रस्त्यावरून पाहतो. रस्ता पायाशी, घर समोर. नकाशा काढणारे सगळे रस्ता खालीच काढत, कारण खिडकीवर तसाच नकाशा पटकन वाचला जाई. आडवा काढला तर कारकून मान वाकडी करी आणि 'नीट काढून आणा' म्हणे. पाहणीला जाणारे निरीक्षक टेप घेऊन जात, भिंती आणि अंतरं मोजत. दिशा कोणी मोजत नसे. ती तर छापलेलीच होती.

नियमात एक कलम होतं. उत्तरेला कोणाचं घर असेल तर इमारतीच्या उंचीच्या निम्मं अंतर मोकळं सोडायचं, म्हणजे शेजाऱ्याचं ऊन राहतं. ह्या नकाशात 'उत्तरेला' शाळेचं मैदान होतं, खऱ्या उत्तरेला मात्र रफूवाल्या बाईंचं घर. मैदानाला ऊन कमी पडलं तर त्याचं काही बिघडणार नव्हतं. आताच्या साहेबांनी कलमासमोर बरोबरची खूण केली होती. कागदापुरतं ते खरं होतं.

तिनं चारही वजनं उचलली. मग पट्टी उचलून पर्समध्ये टाकली आणि अर्ध्या दिवसाची रजा लिहिली.

"बरं नाही का, ताई?" कारकुनानं विचारलं.

"बघून येते," ती म्हणाली.

*

ऑफिसच्या कपाटात एक होकायंत्र होतं. पितळी डबीत, कापसात गुंडाळलेलं. किती वर्षांत ते कोणी बाहेर काढलं नव्हतं. ते घेऊन ती निघाली. प्लॉटभोवती पत्रे ठोकले होते. पत्र्यांजवळ सुई भरकटेल हे तिला माहीत होतं, म्हणून ती आधी लांब मैदानात गेली, मग रस्त्यावर आली, दोन्हीकडे सुई स्थिर होईपर्यंत थांबली. पत्र्याच्या फटीतून पायाचे खड्डे दिसत होते. ते बघायला ती वाकली आणि मागे सरताना कोटाची बाही पत्र्यात अडकून टरकन फाटली.

रफूवाल्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ते पाहिलं होतं.

"काढा तो कोट," त्या म्हणाल्या. "आत या."

खोली लहान होती. एक टेबल, एक पाठ असलेली खुर्ची, भिंतीला दोऱ्यांचे खण. टेबलावर आज कापड नव्हतं, उघडं लाकूड होतं. खिडकीतून ऊन थेट टेबलावर पडलं होतं आणि त्या उन्हात बाईंनी तिच्या कोटाचं कोपर ताणून धरलं.

"हा कोणता रंग म्हणाल तुम्ही?"

"राखाडी."

"सगळे हेच म्हणतात." बाईंनी आतल्या शिवणीतून एक धागा ओढून काढला, नखावर धरला आणि तिच्या डोळ्यांसमोर आणला. "ह्यात हिरवा आहे. जरासा. दिव्याखाली बघितलात तर दिसणार नाही. दिव्याखाली काळं आणि गडद निळं एकच दिसतं. मी दिव्याखाली रफू करून दिला आणि तुम्ही तो कोट घालून उन्हात गेलात, की सगळ्यांना दिसणार."

"दिव्याचा उजेड वेगळा असतो," पट्टीताई म्हणाली. "त्यात सगळे रंग सारखे नसतात."

"ते तुम्हाला ठाऊक. मला एवढं ठाऊक, की माझी सासू म्हणायची, ऊन गेलं की सुई खाली ठेव." बाईंनी धागा टेबलावर ठेवला. "लोक म्हणतात चांगला दिवा घ्या. घेतलाय. तीन घेतले. तो बघा, शेवटचा तिथं पडलाय."

पट्टीताईनं खिडकीच्या चौकटीवर होकायंत्र ठेवलं. सुई हलली, थरथरली, थांबली. तिनं ओळंबा सोडून त्याच्या सावलीनंही एकदा पडताळून पाहिलं. आकडा वहीत लिहिला.

"काय म्हणतेय तुमची डबी?" बाईंनी विचारलं.

"तुमचा टेबलक्लॉथ म्हणतो तेच."

"मग आता ते काम थांबवतील ना?"

तिनं वही बंद केली. 'हो' म्हणणं सोपं होतं. "चूक कुठं आहे ते मला कळलंय," ती म्हणाली. "ती दुरुस्त होईल की नाही ते नाही कळलं."

बाईंनी मान हलवली. "कोट परवा घेऊन जा."

तिसऱ्या दिवशी कोट नेताना तिनं बाही खिडकीत धरली, उलटी केली, पट्टी लावून फाटलेली जागा शोधली. सापडली नाही.

"कुठं होतं?"

"मला नका विचारू," बाई म्हणाल्या. "मलाही आता सापडायचं नाही."

*

नवरा दवाखान्यातला कंपाउंडर होता. आता घरी बसून शेजाऱ्यांच्या गोळ्यांवर मतं देई. संध्याकाळी जेवताना तिनं त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, पोळीचा तुकडा हातात तसाच.

"म्हणजे चिठ्ठी चुकीची लागली," तो म्हणाला.

"हो."

"माझ्या हातून एकदा झालं होतं. दोन बाटल्या, दोन म्हातारे. एकाची चिठ्ठी दुसऱ्याला. कळलं तेव्हा मी सायकल काढली आणि धावलो. एक जण चौकात सापडला. दुसऱ्याच्या घरी पोचलो तर तो चमचा तोंडाशी नेत होता."

"हे कधी सांगितलं नाहीस."

"सांगण्यासारखं काय आहे त्यात?" त्यानं घास घेतला. "बाटली परत मागवायची, अगं. दुसरं काय करणार?"

"माझ्या बाटल्या एकतीस वर्षांच्या आहेत. पिऊन झाल्यात लोकांच्या."

तिच्या ताटात त्यानं भाजी वाढली, तिनं नको म्हटलं तरी.

त्यानंतर रोज दुपारच्या सुट्टीत ती जुन्या फायली काढू लागली. डबा तिथंच उघडे आणि एका हातानं खाई. शहराच्या रस्त्यांचा नकाशा भिंतीवर होता, तिनंच काढलेला आणि दिशेला बरोबर असलेला. एकेक प्लॉट त्याच्याशी ताडून बघायचा. चार आठवड्यांत तिनं दोनशे फायली पाहिल्या. कारकून आधी चेष्टा करायचा, "ताई, जाता जाता ऑडिट?" मग चेष्टा बंद झाली आणि तो न सांगता वरच्या खणातल्या फायली काढून देऊ लागला.

काही पत्ते ती ओळखत होती. एका फाईलमधली इमारत तर तिच्या मावससासूच्या घराला लागून होती. त्या घरात पंधरा वर्षं दिवसाही दिवा लावावा लागे, आणि मावससासू म्हणायची, आपलं नशीबच अंधारं. पट्टीताई दर भेटीत मान डोलावून आली होती.

*

"किती म्हणालात?" साहेबांनी विचारलं. दार उघडंच होतं, पण त्यांनी आवाज खाली आणला होता.

"दोनशे पाहिल्या. एकसष्ट नकाशांत बाण खोटा आहे. बावन्न ठिकाणी त्यानं काही बिघडलं नाही. नऊ ठिकाणी उत्तरेला घर आहे आणि अंतर सोडलेलं नाही. आठ इमारती बांधून झाल्या. एक जोत्यापर्यंत आलीय."

"ती रफूवाली."

"हो."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिचे तक्ते नीट वाचले, एक आकडा पुन्हा विचारला, चष्मा काढून पुसला.

"अर्जदारानं चुकीची दिशा दाखवली, असं म्हणता येईल."

"अर्जदारानं दिशा दाखवलीच नाही, साहेब. ती छापून दिली होती. मी काढलेली."

"हे बघा ताई. पुढच्या महिन्यापासून कागद बदलू. गोल रिकामा ठेवू, ज्यानं त्यानं आपापला बाण काढावा. आजच छापखान्याला सांगतो. पण हे टिपण फाईलला लावू नका. ती आठ घरं उद्या दारात उभी राहतील. तुम्ही तीन आठवड्यांत घरी जाल. मला इथं अजून आठ वर्षं काढायचीत."

"आणि जोत्यावरची?"

"मंजुरी दिलीय. हरकतीची मुदत संपली."

"त्यांनी मुदतीत हरकत घेतली होती. आपण नकाशात बघून उत्तर दिलं."

साहेबांनी टेबलावरचा एक कागद पुढे ओढला. मग जरा हसले. "तुमच्या निरोपाचं भाषण लिहायला घेतलंय मी. त्यात लिहिलंय, पस्तीस वर्षांत ह्यांची एक रेघ चुकली नाही."

"ते वाक्य काढा," ती म्हणाली.

साहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "कर्मचाऱ्याचं टिपण मी पुढे पाठवलं नाही, तर ते इथंच राहतं. एवढं तुम्हाला माहितीय."

"माहितीय. नागरिकाची तक्रार मात्र समितीपुढे ठेवावीच लागते."

तिनं तक्ते गोळा केले, कडा ठोकून सारख्या केल्या आणि उठली.

*

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या मागच्या दारानं आत आली नाही. पुढच्या दारानं आली आणि परवानगी विभागाच्या खिडकीसमोर रांगेत उभी राहिली. तिच्या पुढे तिघं होते. इतकी वर्षं खिडकीच्या आत बसून तिला कधी कळलं नव्हतं, की फळी इतकी उंच आहे. अर्ज वर ठेवायला कोपर उचलावं लागे आणि आतल्या माणसाचा चेहरा निम्माच दिसे.

"ताई, बाहेर काय करताय?" कारकून अर्धा उठला. "आत या ना. चहा येतोय."

"रांगेत आहे."

मागच्या माणसानं घड्याळ पाहिलं. कारकून खाली बसला आणि त्यानं अर्ज घेतला. बोट एकेका रकान्यावरून खाली गेलं.

"तक्रारदाराचं नाव... बरोबर. तक्रार कोणाविरुद्ध..." बोट थांबलं. "ताई, इथंही तुमचंच नाव आहे."

"पद पण लिहिलंय. खाली."

"चुकून वरचंच उतरवलंत का?"

"नाही. दोन्ही रकाने बरोबर आहेत."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग अर्जाला जोडलेले तक्ते पाहिले, होकायंत्राची नोंद पाहिली, आणि शेवटी पिशवीतून निघालेलं निळं कापड. रफूवाल्या बाईंनी ते धुऊन, इस्त्री करून दिलं होतं.

"हे कसं लिहू?"

"आहे तसं लिही."

त्यानं लिहिलं: निळा टेबलक्लॉथ, वापरलेला, एक नग. त्याला सुतळीनं क्रमांकाची चिठ्ठी बांधली. शिक्का शाईवर दोनदा दाबला, अर्जावर एकदाच, जोर देऊन.

"पोच हवीय?"

"हवीय," ती म्हणाली. पोच घेऊन ती वळसा घालून मागच्या दारानं आत गेली आणि आपल्या टेबलाशी बसली. सव्वादहा वाजले होते. पंधरा मिनिटांचा उशीर तिनं हजेरीच्या वहीत लिहिला.

निरोपाच्या दिवशी साहेबांच्या भाषणात ते वाक्य नव्हतं. भाषण बरंच आखूड झालं होतं.

*

सुनावणी व्हायला चार महिने लागले. समितीच्या लांब टेबलावर कापड पसरलं गेलं तेव्हा एक सभासद म्हणाला, "हे काय, आता जेवायला बसायचंय का?" आणि दोघे हसले. रफूवाल्या बाई उठून टेबलाशी गेल्या आणि दोऱ्यांच्या डब्याचा निळा चौकोन त्यांनी बोटानं दाखवला. मग कोणी हसलं नाही. पट्टीताईला विचारलं, बाण तुम्हीच काढला होता का. ती म्हणाली, "हो. पिसंसुद्धा."

तोपर्यंत इमारतीचे तीन मजले उभे राहिले होते. बांधलेलं पाडता येणार नाही, असं समितीनं ठरवलं. चौथा मजला चढवू नये. छापील कागद बदलावा. आठ जुन्या इमारतींची नोंद घ्यावी. 'नोंद घ्यावी' म्हणजे काय, ते कोणी विचारलं नाही.

पट्टीताईनं घरी येऊन गणित केलं. चार मजले झाले असते, तर वर्षातले दोन महिने भरदुपारी ऊन त्या टेबलावर आलं असतं. तीन मजल्यांनी चार महिने येणार होतं. हिवाळ्यात काहीच नाही, दोन्ही हिशेबांत. तिनं ते पुन्हा एकदा करून पाहिलं. नवऱ्यानं चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "पोचलीस वेळेवर?"

"एकाच्या घरी," ती म्हणाली. "तिथंही अर्धा चमचा गेला होता."

*

हिवाळ्यात त्या कोटाचं दुसरं कोपर विरलं. ती तो घेऊन रफूवाल्या बाईंकडे गेली.

"बाजारात एकाचं दुकान आहे, समोर मोकळं आहे," बाई म्हणाल्या. "त्याच्याकडे द्या. मी तर आता बटणं आणि दुमडी जास्त करते."

"मला तुमच्याकडेच द्यायचाय."

बाईंनी कोट ठेवून घेतला. आठवड्यानं ती परत गेली तेव्हा दुपार होती. खोलीत दिवा लावलेला होता. खिडकीबाहेर, हात लांब केला तर लागेल असं वाटावं इतक्या जवळ, गिलावा न केलेली भिंत उभी होती. बाईंनी कोट घेतला आणि तिला दाराबाहेर आणलं, पायरीवर, जिथं आकाशाचा थोडा उजेड येत होता. बाही ताणून धरली.

"दिसतोय का?"

पट्टीताईनं पाहिलं. पट्टी आणायला ती आत गेली नाही, गरज नव्हती. वीण आधीइतकीच बारीक होती, एक धागा वर, एक खाली, कुठं गाठ नाही, ताण नाही. पण एका जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंत राखाडीत हिरवं नव्हतं.

बाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"दिसतोय," ती म्हणाली. तिनं बोट ठेवलं. "इथून इथपर्यंत."

बाईंनी मान हलवली, हळू, दोनदा. "बरं झालं सांगितलंत. बाकी सगळे नाही म्हणतात. मला वाटायला लागलं होतं, माझेच डोळे गेले." त्यांनी धाग्यावरून अंगठा फिरवला. "उसवून पुन्हा करून देऊ? चार महिन्यांनी या. ऊन आलं की एका बैठकीत होईल."

"नको. राहू दे असाच."

"लोकांना दिसेल."

"दिसू दे."

तिनं कोट अंगात घातला, बटणं लावली. पट्टी आणि पर्स आत टेबलावर राहिल्या होत्या, त्या घ्यायला गेली. टेबलावर नवं कापड अंथरलेलं होतं. जुनं अजून नगरपालिकेत, फाईलबरोबर, चिठ्ठी बांधून ठेवलेलं होतं. निकाल लागला तरी ते कोणी परत केलं नव्हतं. बाईंनी तोच निळा रंग शोधून आणला होता.

पट्टीताईनं दोऱ्यांचा डबा उचलला आणि खाली पाहिलं. कापड तिथंही तेवढंच निळं होतं. तिनं डबा होता त्याच जागी परत ठेवला, कडेशी समांतर.